चुलीच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळा
क्योतो नगरीच्या लोकशिक्षणाचा इतिहास

आपल्या पूर्वजांपैकी जे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या मुलुखांतून करारावर मजुरीसाठी मॉरिशसला आले, त्यांनी उसाच्या मळ्यांतून दिवसभर राबून झाल्यावर संध्याकाळी बैठका भरविल्या. गवताने शाकारलेली एक झोपडी, एक कंदील आणि ज्याला चार अक्षरे येतात असा एखादा वडीलधारा, एवढीच त्या विद्यालयाची सामग्री. सरकारची मान्यता नाही आणि अनुदानही नाही. तेलाचा खर्च मंडळींनी आपसांत वाटून घ्यावयाचा. आपली भाषा आज आपल्या तोंडी आहे याचे श्रेय मोठमोठ्या इमारतींपेक्षा त्या कंदिलाकडेच अधिक जाते. म्हणूनच दूरच्या एका नगरीत असाच प्रयत्न फार मोठ्या प्रमाणावर कसा झाला, त्याचे पुढे काय झाले, आणि त्याच नगरीत परमुलुखातून आलेल्या मजुरांच्या मुलांना शाळेसाठी काय सोसावे लागले, ही हकीकत आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही असा भरवसा आहे.

ती नगरी म्हणजे जपानमधील क्योतो. इसवी सन 794 पासून हजारांहून अधिक वर्षे ती सम्राटांची राजधानी होती. देवळे, बागा, रेशमाचे माग, रंगारी, कुंभार, सुगंधी उदबत्त्यांचे कारागीर या सर्वांचे पोट दरबारावर आणि दरबाराच्या निमित्ताने येणाऱ्या लोकांवर अवलंबून होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या वैभवाला एकामागून एक दोन धक्के बसले. 1864 साली राजवाड्याच्या दरवाजाशी झालेल्या लढाईत आग भडकली आणि 27,000 हून अधिक घरे भस्मसात झाली. त्या राखेतून नगर सावरते न सावरते तोच 1868 साली जुनी लष्करशाही कोसळली, नवी राजवट आली, आणि 1869 साली सम्राट कायमचे तोक्योला निघून गेले. त्यांच्या मागोमाग सरदार गेले, अधिकारी गेले, श्रीमंत व्यापारीही गेले. ज्या गावचा राजा निघून जातो त्या गावाची अवस्था काय होते, हे साताऱ्याच्या लोकांना वेगळे सांगावयास नको. क्योतोही लवकरच कोल्ह्याकुत्र्यांची वस्ती होईल, असे लोक उघड बोलू लागले.

अशा वेळी माणसे सामान्यतः रडत बसतात किंवा गाव सोडतात. क्योतोच्या पेठांतील दुकानदार व कारागीर यांनी मात्र शाळा काढल्या, आणि त्याही एकदोन नव्हेत, तर एका वर्षात चौसष्ट.

हे कसे घडले ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल. क्योतोच्या पेठांना स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची फार जुनी सवय होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरे मिळून एक आळी, आणि अनेक आळ्या मिळून एक संघ, अशी ती रचना. नव्या राजवटीच्या आरंभी या संघांची फेरमांडणी करून त्यांना क्रमांक देण्यात आले. या क्रमांकित संघाला तिकडे ‘बानगुमी’ म्हणतात. प्रत्येक बानगुमीने आपली एक शाळा काढावी, अशी योजना पुढे आली. ती केवळ सरकारी कचेरीतून निघाली असे नव्हे. खाजगी लेखनशाळा चालविणाऱ्यांकडून व पेठांतील जाणत्या मंडळींकडून तशा सूचना आधीच येऊ लागल्या होत्या. कचेरीत माकिमुरा मासानाओ नावाचा धडाडीचा अधिकारी होता, त्याने त्या उचलून धरल्या. पुढे याच माकिमुराला यामामोतो काकुमा या विद्वानाचा सल्ला लाभला. काकुमा हा पराभूत पक्षाचा. दृष्टी गेलेली, आणि काही काळ कैदेत काढलेला. विजयी पक्षाच्या अधिकाऱ्याने पराभूत पक्षाच्या अंध कैद्याला सल्लागार नेमावे, ही गोष्ट त्या काळच्या क्योतोविषयी बरेच काही सांगून जाते.

पेठेतले व्यापारी शाळेला इतक्या तत्परतेने तयार झाले, याचे आणखी एक कारण शंभराहून अधिक वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. इशिदा बाइगान (1685–1744) हा शेतकऱ्याचा मुलगा, क्योतोतील एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकर होता. 1729 साली त्याने आपल्या राहत्या घरी व्याख्याने सुरू केली. फी नाही, कोणाची ओळख लागत नाही, ज्याला ऐकावयाचे असेल त्याने यावे, स्त्रियांनीही यावे, असा त्याचा नियम. प्रामाणिक व्यापार हा योद्ध्याच्या सेवेइतकाच मानाचा आहे, असे तो शिकवीत असे. आपल्याकडे वाळवंटात उभे राहून कीर्तनकाराने अठरापगड जातींना बोलवावे, तसाच हा प्रकार म्हणावयाचा. त्याच्या शिष्यपरंपरेने नगरात व्याख्यानगृहे बांधली. त्यांतील ‘मेइरिन’ नावाच्या एका गृहातच पुढे एका बानगुमीची शाळा भरू लागली, आणि तेच नाव तिने धारण केले. शाळांची पाटी नवी होती, परंतु ऐकण्याची व शिकण्याची गोडी जुनी होती.

आता पैशाचा प्रश्न. सरकारने शाळा बांधण्यासाठी काही रक्कम दिली, पण तीही पुरती देणगी म्हणून नव्हे. तिचा काही भाग हप्त्यांनी परत फेडावयाचा होता. बाकी सारा भार पेठेवर. श्रीमंतांनी मोठ्या देणग्या दिल्या हे खरेच. परंतु खरी मौज आहे ती सर्वसाधारण वर्गणीत. ती घराच्या लांबीरुंदीवर नव्हती, किंवा घरात मुले किती यावरही नव्हती. ती चुलीमागे होती. जपानी भाषेत चुलीला ‘कामादो’ म्हणतात, म्हणून त्या वर्गणीला ‘कामादो-किन’, म्हणजे चुलीचा पैसा, असे नाव पडले. ज्या घरात चूल पेटते त्या घराने शाळेसाठी द्यावयाचे, मग घरात शाळेत जाणारे मूल असो वा नसो. निपुत्रिकाने द्यावे, म्हाताऱ्या विधवेने द्यावे, कालच लग्न होऊन नवी चूल मांडलेल्या जोडप्यानेही द्यावे. शाळा ही मुलांच्या आईबापांची नसून साऱ्या पेठेची आहे, हा सिद्धांत त्यांनी ग्रंथात न मांडता वर्गणीच्या वहीत मांडला.

हे वाचताना मराठी माणसाला कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. 1919 साली कऱ्हाडजवळील काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि पुढे तिच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड सुरू केला. दळणाला बसण्यापूर्वी बाईने एक मूठ धान्य शाळेच्या मडक्यात बाजूला टाकावयाचे. क्योतोची चूल आणि साताऱ्याचे जाते यांची गाठ कधी पडली नाही. पण दोन्ही ठिकाणी शाळेचा पाया स्वयंपाकघरात घातला गेला, ही गोष्ट खरी.

क्योतोचे लोक मात्र जातीचे व्यापारी. नुसती वर्गणी आटून जाते हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी जमलेल्या पैशाची ‘शाळा-कंपनी’ काढली. तो पैसा व्याजाने लावावयाचा आणि नफ्यातून शाळा चालवावयाची. काही कंपन्या चालल्या, काही बुडाल्या. त्याचा तपशील येथे नको.

पहिली शाळा उघडली ती कामिग्यो विभागातील सत्ताविसाव्या संघाची. तिचे नाव पुढे र्यूची असे रूढ झाले. जपानी जुन्या पंचांगाप्रमाणे पाचव्या महिन्याची एकविसावी तिथी, म्हणजे 1869 सालचा जून महिना अखेरीस आला होता. या शाळेच्या उभारणीत कुमागाई नाओताका या गृहस्थाचा मोठा वाटा होता. क्यूक्योदो या उदबत्त्या, कागद व लेखणी विकणाऱ्या जुन्या पेढीचा तो मालक. याच माणसाने त्यापूर्वी देवी टोचण्याचे केंद्र चालविण्यास हातभार लावला होता. लोकांचा देवीच्या लसीवर विश्वास बसत नव्हता, तेव्हा ते काम करणे सोपे नव्हते. अशा माणसाने शाळेसाठी पुढाकार घ्यावा, यात नवल नाही. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चौसष्ट शाळा उघडल्या. साऱ्या जपानसाठी सरकारने शिक्षणाचा कायदा केला तो 1872 साली, म्हणजे क्योतोच्या पेठा सरकारच्या तीन वर्षे पुढे होत्या.

या शाळांची इमारत कशी असे, हेही पाहण्यासारखे आहे. वाचन, सुलेखन व हिशेब हे मुख्य विषय, आणि त्यांचे वर्ग तर असतच. परंतु त्याच छपराखाली पेठेची सभा भरे. पोलिसांची चौकी तेथेच. आग विझविणाऱ्यांचे सामान तेथेच, आणि देवी टोचण्याची सोयही तेथेच. छपरावर एक टेहळणीचा मनोरा असे. त्यावरून आगीवर नजर ठेवावयाची व नगारा वाजवून वेळ कळवावयाची. 1864 ची आग ज्यांनी डोळ्यांनी पाहिली होती त्यांनी शाळेवर मनोरा बांधला, यात काव्य नाही, शहाणपण आहे. यूसाई शाळेचा 1876 सालचा नगारखान्याचा मनोरा अद्याप टिकून आहे. आपल्या गावांत देऊळ, चावडी आणि तालीम यांची कामे निरनिराळ्या जागी होतात. क्योतोच्या पेठेत ही तिन्ही कामे शाळा करीत असे.

1872 साली फुकुझावा युकिची हा जपानचा थोर विचारवंत या शाळा पाहण्यास आला. त्याने पाश्चात्त्य देशांतील शाळा पाहिलेल्या होत्या, तशा शाळा आपल्या देशात व्हाव्यात हा त्याचा ध्यास होता. क्योतोत त्या प्रत्यक्ष चालू असलेल्या पाहून त्याला झालेला आनंद त्याने एका लहानशा पुस्तिकेत नमूद करून ठेवला आहे.

पेठेच्या शाळेचा एक मोठा गुण असा की तिला शेजारचे मूल दिसते. ताइकेन नावाच्या शाळेत फुरुकावा ताशिरो हा शिक्षक होता. त्या पेठेत काही मुकी-बहिरी मुले होती. त्यांना अक्षरओळख करून देता येईल का, अशी विचारणा त्याच्याकडे झाली. त्याने हातांच्या खुणांनी, चित्रांनी, नाना युक्त्यांनी शिकविण्यास आरंभ केला. हळूहळू अंध मुलेही येऊ लागली. त्यातूनच 1878 साली क्योतोत मूकबधिर व अंध मुलांची स्वतंत्र शाळा स्थापन झाली, ती जपानमधील अशी पहिलीच शाळा. तोक्योतील एखाद्या खात्याला हे सुचले असते की नाही याची मला शंका आहे. खात्याला आकडा दिसतो. शेजाऱ्याला मूल दिसते.

तथापि याच राजवटीच्या हातून दुसरीकडे काय घडत होते, तेही विसरून चालणार नाही. उत्तरेकडील होक्काइदो ही आइनू लोकांची मूळ भूमी. तेथे 1899 साली आइनूंच्या ‘संरक्षणा’चा कायदा झाला आणि त्यांच्या मुलांसाठी निराळ्या शाळा निघाल्या. त्या शाळांत आइनू भाषेला स्थान नव्हते. जपानी मुलांहून कमी अभ्यासक्रम, आणि तोही जपानीतून. क्योतोच्या पेठेने आपली शाळा स्वतः मागितली, स्वतः बांधली, स्वतः चालविली. आइनूंवर ती लादली गेली. तो कायदा रद्द व्हावयास 1997 साल उजाडावे लागले, आणि आइनू हे त्या भूमीचे आदिवासी लोक आहेत असे कायद्यात लिहिले गेले ते 2019 साली. छप्पर आणि फळा दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच की वर्गणीची वही कोणाच्या हाती होती.

क्योतोच्या शाळांचा हा स्वायत्त कारभार सत्तर वर्षांहून अधिक टिकला. शाळेसाठी कर बसविण्याचा अधिकार पेठांच्या हाती होता. त्यामुळे श्रीमंत पेठेची शाळा भव्य व गरीब पेठेची साधी, हा दोष त्यात होताच, तो लपविण्याचे कारण नाही. रेशीम-व्यापाऱ्यांच्या वस्तीतील मेइरिन शाळेची 1931 साली बांधलेली काँक्रीटची इमारत आजही पाहणाऱ्याला थक्क करते. पेठेतील नामांकित चित्रकार आपली चित्रे, कुंभार आपली भांडी शाळेला भेट देत. मुलांना उत्तम वस्तू रोज नजरेसमोर असाव्यात, अशी त्यामागची भावना. 1941 साली युद्धकाळातील शासनाने हे अधिकार काढून घेतले आणि शाळा सर्वस्वी नगरपालिकेकडे गेल्या.

नंतरचा घाव शत्रूचा नव्हता, काळाचा होता. मध्य क्योतोत राहणाऱ्या कुटुंबांची संख्या घटत गेली, आणि घरांत मुलेही कमी जन्मू लागली. चार-चार, पाच-पाच शाळा मिळून एक करण्याची पाळी आली. काइची शाळा 1992 साली, मेइरिन 1993 साली, तात्सुइके 1995 साली बंद झाली. मुले गेली, पण इमारती राहिल्या, आणि तेथेच मोठा प्रश्न उभा राहिला. कागदोपत्री मालक नगरपालिका. परंतु ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी चुलीमागे पैसा दिला, त्यांचा त्यावर काहीच हक्क नाही काय? कायदा म्हणतो, नाही. पेठा म्हणाल्या, आहे. आणि आश्चर्य असे की नगरपालिकेला पेठांशी बोलूनच प्रत्येक निर्णय घ्यावा लागला. काइचीच्या इमारतीत 1998 साली शाळांच्या इतिहासाचे संग्रहालय झाले. मेइरिनमध्ये 2000 साली कलाकेंद्र उघडले. तात्सुइकेमध्ये 2006 पासून चित्रकथांचे संग्रहालय आहे, आणि त्यातच शाळेच्या स्मृतींसाठी एक दालन राखून ठेवलेले आहे. रिस्सेइ शाळेच्या जागी 2020 साली हॉटेल झाले. जागा भाडेपट्ट्याने दिली असून पेठेच्या सभेसाठी व वाचनालयासाठी तेथे सोय ठेवली आहे. ज्या खोलीत पाढे म्हटले गेले त्या खोलीत प्रवाशांनी झोपावे हे मला स्वतःला रुचत नाही. पण कुलूप लावून पडझड होऊ देण्यापेक्षा ते बरे, असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याचे बळही मजजवळ नाही.

एक गोष्ट मात्र शिल्लक राहिली. शाळा बंद झाली तरी तिची हद्द लोकांच्या मनातून पुसली गेली नाही. ‘जुना शाळा-प्रभाग’ या नावाने आजही मध्य क्योतोत पेठेच्या खेळांच्या स्पर्धा होतात व अग्निशामक पथके चालतात. 2004 साली जपानमध्ये पालक व रहिवासी यांना शाळेच्या कारभारात अधिकृत स्थान देणारा कायदा झाला. ती व्यवस्था प्रथम स्वीकारणाऱ्यांत क्योतोची गोशो-मिनामी शाळा होती, आणि ही शाळा अशाच जुन्या पेठशाळा एकत्र होऊन निर्माण झालेली आहे.

आता त्याच नगरीतील दुसऱ्या शाळांकडे वळू, ज्यांची कथा आपल्याला अधिक जवळची आहे. 1910 साली जपानने कोरिया गिळंकृत केला. त्यानंतर हजारो कोरियन माणसे, कोणी पोटासाठी तर कोणी सक्तीने, जपानात आली. क्योतोत ती निशिजिनच्या मागांवर राबली, रेशमी कापड रंगविण्याच्या व वाफविण्याच्या कारखान्यांत राबली. नगराच्या दक्षिणेस उजी येथे 1940 पासून लष्करी विमानतळाचे काम सुरू झाले. तेथे सुमारे 1,300 कोरियन मजूर होते. 1945 साली युद्ध संपले, काम थांबले, आणि हे मजूर उतोरो नावाच्या वस्तीत आपल्या खोपट्यांत तसेच राहून गेले. त्यांनी प्रथम काय केले असेल? मुलांना मातृभाषा शिकविण्याचे वर्ग उघडले. परसत्तेखाली जी भाषा शाळेतून हद्दपार झाली होती, जेथे नावेसुद्धा जपानी घ्यावी लागत होती, ती भाषा मुलांच्या तोंडी पुन्हा यावी म्हणून. जपानभर असे शेकडो वर्ग निघाले. येथे बैठकेची आठवण करून देण्याची गरज नाही.

सरकारला हे रुचले नाही. जानेवारी 1948 मध्ये हुकूम निघाला की कोरियन मुलांनी जपानी शाळांतच गेले पाहिजे. एप्रिलमध्ये कोबे व ओसाका येथे आईबाप रस्त्यावर उतरले. ओसाकात पोलिसांच्या गोळीने सोळा वर्षांचा एक मुलगा ठार झाला. 1949 साली बहुतेक शाळा बंद पाडण्यात आल्या. काही पुन्हा उघडल्या, काही कायमच्या गेल्या. मातृभूमीचे दोन तुकडे झाले, तसे शाळांचेही दोन गट पडले.

डिसेंबर 2009 मध्ये क्योतोतील एका कोरियन प्राथमिक शाळेच्या दाराशी एक टोळके आले आणि मुले आत असताना ध्वनिक्षेपकावरून अत्यंत हीन शिव्या देऊ लागले. शाळेला पुरेसे क्रीडांगण नसल्यामुळे ती शेजारच्या सार्वजनिक बागेचा वापर वर्षानुवर्षे करीत आली होती, हे निमित्त. पालक न्यायालयात जावे की नाही या पेचात पडले, कारण खटला म्हणजे मुलांना त्या शिव्या पुन्हा ऐकविणे. अखेर ते गेले. 2013 साली क्योतोच्या न्यायालयाने सुमारे सव्वा कोट येनची भरपाई ठरविली, आणि 2014 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. 2016 साली द्वेषमूलक भाषणाविरुद्ध कायदा झाला, त्यामागे या खटल्याचा मोठा हात आहे.

दुसऱ्या गटाची शाळा 1947 साली स्थापन झाली होती. ती शेजाऱ्यांचा विरोध सोसत 1984 साली क्योतोच्या पूर्वेकडील टेकडीवर आजच्या जागी आली, आणि 2004 पासून ‘क्योतो आंतरराष्ट्रीय’ या नावाने जपानी कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त झाली. मुले कमी पडत होती म्हणून 1999 साली तिने बेसबॉलचा संघ काढला. जपानात त्या खेळाचे वेड आपल्याकडील क्रिकेटच्या वेडापेक्षा तसूभरही कमी नाही. पहिल्याच वर्षी क्योतो प्रांताच्या स्पर्धेत तो संघ 34 विरुद्ध 0 असा हरला. मैदान एवढे लहान की पूर्ण खेळ तेथे बसत नाही. बेसबॉलसाठी जपानी मुलेही येऊ लागली, आणि आज विद्यार्थ्यांत त्यांचाच भरणा मोठा आहे. मजुरांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेत यजमानांची मुले यावीत, हे वाचून कोणी हसेल, कोणी विचारात पडेल. ज्या समाजाने ती शाळा पोटाला चिमटा घेऊन चालविली, त्याच्यातही यावर एकमत नाही.

23 ऑगस्ट 2024 रोजी कोशिएनच्या शंभर वर्षांच्या क्रीडांगणावर राष्ट्रीय उन्हाळी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. दहाव्या डावापर्यंत लांबलेल्या त्या सामन्यात क्योतोच्या या सुमारे 160 विद्यार्थ्यांच्या शाळेने तोक्योच्या संघाचा 2 विरुद्ध 1 असा पराभव केला. विजयी शाळेचे गीत म्हणण्याचा तेथे प्रघात आहे. मुले ओळीने उभी राहिली आणि गीत सुरू झाले. ते कोरियन भाषेत होते, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी ती भाषा बोलली जात नव्हती. ती त्यांना शाळेने शिकविली होती.